खिशातला पारंपरिक चाकू कसा निवडावा : रोजच्या वापरासाठी, नागपूरच्या हवेत

खिशातला चाकू विकत घेण्यापूर्वी पंधरा दिवस एक छोटे काम करावे. दिवसभरात ज्या ज्या वेळी हाताशी चाकू असता तर बरे झाले असते असे वाटले, ती ती वेळ आणि ते काम एका कागदावर टिपून ठेवावे. माझ्या यादीत पार्सलवरची चिकटपट्टी, किराण्याच्या पोत्याची सुतळी, पेरू, आंबा, मुलीची पेन्सिल, कुंडीतल्या मोगऱ्याची वाळकी फांदी आणि संक्रांतीनंतर गॅलरीच्या जाळीत अडकून राहिलेला मांजा एवढीच कामे निघाली. यांतल्या एकाही कामाला आठ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही आणि एकाही कामात चाकूवर अंगाचा भार टाकावा लागत नाही. बहुतेकांची यादी याहून फारशी वेगळी निघणार नाही, आणि ती समोर ठेवली की दुकानातल्या मोठ्या, जाड आणि भीतिदायक दिसणाऱ्या चाकूंचा विचार आपोआप बाजूला पडतो.

या लेखात मी फक्त पारंपरिक घडीच्या चाकूंविषयी लिहीत आहे. ज्यांचे पाते नखाने किंवा दोन बोटांनी ओढून उघडावे लागते, ज्यांची मूठ लाकडाची, शिंगाची किंवा साध्या पत्र्याची असते आणि ज्यांचा मूळ घाट शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही, असे हे चाकू आहेत. बटण दाबताच उघडणारे चाकू या चर्चेत नाहीत. रोजच्या कामाला त्यांचा उपयोग नाही आणि ते बाळगल्यास विनाकारण प्रश्न निर्माण होतात.

मापाचा निर्णय

मिटलेल्या स्थितीत नऊ ते अकरा सेंटिमीटर लांबी आणि साडेसहा ते साडेआठ सेंटिमीटर लांबीचे पाते हे रोजच्या वापराला योग्य माप आहे. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या सर्वांत परिचित चाकूची मूठ 91 मिलिमीटरची असते. ओपिनेल या फ्रेंच बनावटीच्या आठ नंबरच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते आणि सहा नंबरचे त्याहून सव्वा सेंटिमीटरने लहान असते. पँटच्या पुढच्या खिशात ठेवून दुचाकी चालवणाऱ्या माणसाला आठ नंबर मांडीला टोचतो, हे मी अनुभवाने सांगतो. ज्यांचा दिवस दुचाकीवर जातो त्यांनी सहा किंवा सात नंबर घ्यावा. ज्यांना चाकू पिशवीत किंवा डब्यासोबत ठेवायचा आहे त्यांनी आठ नंबर निःशंकपणे घ्यावा. वजन शंभर ग्रॅमच्या आत असावे, कारण जड चाकू चार दिवस खिशात राहतो आणि पाचव्या दिवशी घरच्या कपाटात जातो.

सांधा : चाकूचा खरा कस येथे लागतो

ग्राहक आधी पाते पाहतात, मी आधी सांधा पाहतो. पात्याची धार घरी पुन्हा लावता येते, परंतु सदोष बसवलेला सांधा बहुधा शेवटपर्यंत सदोषच राहतो. पारंपरिक घडीच्या चाकूंत मुख्यतः तीन प्रकारचे सांधे आढळतात आणि त्यांचे काम कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय निवड करू नये.

पहिला प्रकार केवळ घर्षणावर चालणारा. एका खिळ्यावर पाते फिरते आणि मुठीच्या दोन भिंतींच्या दाबामुळे जागेवर राहते. जपानमधील मिकी या गावात 1890 च्या दशकापासून बनणारा हिगोनोकामी याच पद्धतीचा असतो. त्याची मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा, आणि पात्याच्या बुडाशी एक लहान शेपूट असते, जिच्यावर काम करताना अंगठा दाबून धरायचा. यंत्रणा इतकी साधी असल्यामुळे त्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते, मात्र अंगठा सुटला तर पाते मिटू शकते, म्हणून नवशिक्याने यापासून सुरुवात करू नये.

दुसरा प्रकार पाठीच्या कमानीचा. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लवचीक पट्टी असते आणि ती पात्याच्या चौकोनी बुडावर सतत दाब देत राहते. पाते उघडताना त्या बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो, कोपरा ओलांडला की कमान सपाट बाजूवर येऊन बसते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधील इबाख येथे कारखाना सुरू केला आणि 1891 मध्ये तेथील सैन्याला चाकू पुरवले. त्या घराण्याचे लाल मुठीचे बहुतेक चाकू याच कमानीवर चालतात. यात कुलूप नसते. पात्याच्या पाठीवर जोराचा धक्का बसला तर ते मिटते, म्हणून अशा चाकूने भोसकण्यासारखे किंवा टोक खुपसून उचकटण्याचे काम कधीही करू नये. कापण्याच्या कामात जोर धारेच्या दिशेने लागतो, आणि त्यामुळे पाते अधिकच उघडे राहते.

तिसरा प्रकार कड्याचा. ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हुआ प्रदेशातला 1890 च्या सुमाराचा शेतकऱ्यांचा चाकू आहे. 1955 मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्याच्या सांध्याभोवती फिरणारे एक कडे बसवले. पाते उघडल्यावर कडे फिरवले की पात्याच्या बुडामागची फट बंद होते आणि पाते मिटू शकत नाही. घरात पहिल्यांदाच चाकू येत असेल, किंवा तो वयाने लहान अथवा बोटांची पकड कमी झालेल्या व्यक्तीच्या हातात जाणार असेल, तर माझी पसंती या कड्याला आहे.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटले की रामपूरचे नाव निघते. ती कारागिरी खरोखरच मोठी आहे, परंतु तिची ओळख लांब पात्यामुळे आणि कुलपाच्या कडकड आवाजामुळे झाली आहे. पेरू कापण्यासाठी आणि सुतळी तोडण्यासाठी त्या घाटाचा चाकू सोयीचा नाही, आणि तो खिशात सापडल्यावर समोरच्याला आपला हेतू पटवून देणेही कठीण जाते.

पाते पातळ हवे

नरखेडजवळ माझ्या मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. त्यांच्याकडे डोळे (कलमाच्या कळ्या) बांधण्याचा एक जुना चाकू आहे. जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बसवताना खुंटाच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद द्यावा लागतो, त्या सालीच्या दोन पाकळ्या अलगद उचलाव्या लागतात आणि ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधावा लागतो. धार बोथट असेल तर साल कापली न जाता चेचली जाते आणि डोळा जगत नाही. मामांनी तो चाकू माझ्या हातात देऊन सांगितले होते, “पोलाद कोनतं आहे ते मले माहीत नाही रे, पन पाते उजेडासमोर धरून पाह्य, कागदासारखं उतरत गेलं आहे का नाही ते.” मी खिडकीशी नेऊन पाहिले. पाठीशी जेमतेम दीड मिलिमीटरचे असलेले ते पाते धारेकडे येताना इतके सरळ आणि इतके एकसारखे निमुळते झाले होते की, धार नेमकी कोठे सुरू होते हे डोळ्यांना कळत नव्हते. बोटाच्या चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे बोट सरकवले तर मध्ये कुठेही खांदा लागत नव्हता.

चाकू कापतो तो या निमुळतेपणामुळे. दोन पाती एकाच पोलादाची आणि एकाच कोनात धार लावलेली असली, तरी धारेच्या लगेच मागे जे पाते जाड आहे ते सफरचंदात पाचरीसारखे अडकते आणि फळाची फाक तुटून उडते, तर पातळ पाते सरळ खाली जाते. म्हणून पाठीशी दीड ते अडीच मिलिमीटर जाडी असलेले, पाठीपासून धारेपर्यंत उतरत्या सपाट बाजूंचे पाते घ्यावे. जाड पाते मजबूत दिसते, पण ती मजबुती डबे उघडण्यासाठी आणि खिळे उपटण्यासाठी वापरली जाते, आणि ती चाकूची कामे नव्हेत.

आकाराबाबत फार विचार करण्याची गरज नाही. भाल्यासारखे मध्यभागी टोक असलेले पाते सर्व कामांना चालते. ज्यांचे काम मुख्यतः पार्सल, पुठ्ठा आणि दोरी यांचे आहे त्यांना सरळ धारेचे आणि पाठ खाली वळून टोकाला मिळणारे पाते अधिक सोयीचे पडते, कारण त्याची धार शेवटच्या मिलिमीटरपर्यंत पुठ्ठ्यावर टेकते आणि टोक आतल्या वस्तूत घुसत नाही. एका चाकूत दोनपेक्षा अधिक पाती शक्यतो घेऊ नयेत.

पोलाद : साधे की न गंजणारे

पोलादाच्या नावांचा बाजारात फार गाजावाजा होतो. रोजच्या वापराच्या ग्राहकाला खरे तर एकच प्रश्न सोडवायचा असतो, तो म्हणजे साधे कार्बन पोलाद घ्यावे की स्टेनलेस.

साध्या पोलादात क्रोमियम जवळजवळ नसते. ते चटकन धार घेते, बारीक धार घेते आणि साध्या दगडावर घरी लावता येते. स्टेनलेस म्हणवून घेण्यासाठी पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. चाकूंसाठी वापरल्या जाणाऱ्या 12C27 या स्वीडिश पोलादात ते साडेतेरा टक्क्यांच्या आसपास असते. हे क्रोमियम पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक थर तयार करते आणि त्यामुळे गंज रोखला जातो. ओपिनेल दोन्ही प्रकारांत मिळतो, तर व्हिक्टोरिनॉक्स स्टेनलेसमध्येच मिळतो आणि त्याचे पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर 55-56 इतके, म्हणजे मध्यम कडक ठेवलेले असते. काही जण त्याला मऊ म्हणून नावे ठेवतात. मला ते योग्य वाटते. 60 च्या वर कडक केलेले पोलाद धार अधिक काळ टिकवते हे खरे, परंतु ती धार गेली की घरच्या साध्या दगडावर पुन्हा लावताना हात दुखून येतात आणि शेवटी माणूस बोथट चाकूच वापरत राहतो.

नागपूरकराने या निवडीत संत्र्याचा विचार करावा. संत्रे आपण हातानेच सोलतो, परंतु मोसंबी, लिंबू, कैरी आणि चिंच यांना चाकू लागतो, आणि त्यांच्या आम्लाने साध्या पोलादाचे पाते पाच मिनिटांत निळसर-करडे होते. पहिल्या काही दिवसांत त्या पात्याने कापलेल्या सफरचंदाला लोखंडी चवही येते. हा करडा थर वाईट नाही. तो हळूहळू सर्व पात्यावर पसरला की पुढचा तांबडा गंज कमी धरतो. ज्यांना असा रंग बदललेला आवडतो, जे फळ कापल्यावर पाते लगेच पुसतात, त्यांनी साधे पोलाद घ्यावे. ज्यांचा चाकू ओला होऊन डब्याच्या पिशवीत रात्रभर राहण्याची शक्यता आहे त्यांनी स्टेनलेस घ्यावा. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्याकडे खिशातला घाम आणि हवेतला ओलावा दोन्ही असतात, आणि साध्या पोलादावर एका रात्रीत तांबडे ठिपके उमटतात.

आपल्या परिसरातले लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून विळे, कोयते आणि पावशीची पाती घडवतात. ते पोलाद चांगले असते. लोहार ओळखीचा असेल आणि तो पात्याला पाणी नीट देणारा असेल, म्हणजे लाल तापवून विझवल्यावर पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा काढणारा असेल, तर त्याच्याकडून घर्षणाच्या सांध्याचा साधा चाकू करून घेता येतो. पाणी बरोबर दिले आहे की नाही हे पाहण्यासाठी धारेवर कानस हलकेच फिरवावी. कानस सहज रुतली तर पाते मऊ राहिले आहे, आणि काचेवरून सरकल्यासारखी निसटली तर ते कडक झाले आहे.

मूठ आणि आपले ऊन

मे महिन्यात नागपूरचे तापमान 45 अंशांच्या वर जाते आणि हवा इतकी कोरडी होते की घरातले दरवाजेसुद्धा चौकटीत सैल होतात. दोन महिन्यांनी पावसाळ्यात तेच दरवाजे घट्ट बसतात. लाकडी मुठीच्या चाकूचेही असेच होते. ओपिनेलची बीच लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते इतके घट्ट होते की नखाने उघडेना. अशा वेळी पक्कड लावू नये. पाते मिटलेले असताना आणि कडे मोकळे असताना मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलके आपटावे, म्हणजे पाते किंचित बाहेर येते आणि मग ते बोटांनी ओढता येते. साव्हुआतले लोक पिढ्यान्‌पिढ्या असेच करत आले आहेत.

शिसम आणि अक्रोड ही लाकडे बीचपेक्षा कमी फुगतात. म्हशीच्या शिंगाची मूठ दिसायला देखणी असते, परंतु आपल्या उन्हाळ्यात, विशेषतः गाडीच्या डिकीत राहिली तर तिला खिळ्याजवळ बारीक तडे जातात. वर्षातून दोनदा तेल देण्याची तयारी असेल तरच ती घ्यावी. पितळेची किंवा लोखंडी पत्र्याची मूठ हवेने बदलत नाही, मात्र उन्हात तापते. नायलॉनची किंवा सेल्युलोजपासून बनवलेली लाल मूठ पारंपरिक कारागिरीच्या चाहत्यांना फारशी रुचत नाही, तरी ती नागपूरच्या तिन्ही ऋतूंत सारखीच राहते हे मान्य केले पाहिजे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. चितळाच्या किंवा सांबराच्या शिंगाची मूठ असलेला चाकू कोणी विकायला काढला तर घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार या शिंगांचा व्यापार करता येत नाही, आणि पेंच-ताडोब्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपण तर तो मोह टाळलाच पाहिजे. शिंग जंगलात गळून पडलेले होते, ही सबब येथे चालत नाही.

दुकानात हातात घेतल्यावर

इतवारीतील लोहा ओळ, कॉटन मार्केटजवळची शेती साहित्याची दुकाने किंवा सीताबर्डीतील प्रवासी सामानाची दुकाने, यांपैकी कोठेही गेलात तरी एकाच प्रकारचे तीन-चार नग समोर मागून घ्यावेत. हाताने बनणाऱ्या वस्तूत नगानगात फरक असतो आणि तो शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतो.

प्रथम चाकू मिटलेला असताना वरून पाहावा. पाते दोन भिंतींच्या मधोमध असावे, एका भिंतीला घासत नसावे, आणि टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालेले असावे. करंगळी त्यावरून फिरवली तर काही टोचता कामा नये, कारण जे टोक आज करंगळीला लागते ते उद्या खिशाचे अस्तर फाडते. नंतर चाकू ट्यूबलाइटसमोर धरून कमान आणि भिंत यांच्या फटीतून उजेड येतो का ते पाहावे. केसाएवढा उजेड चालतो. कागद शिरेल एवढी फट असेल तर तो नग बाजूला ठेवावा.

मग पाते हळूहळू उघडावे. कमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्या जोराने ओढली गेली पाहिजे. मध्ये खरखर जाणवली तर सांध्यात धातूचा कीस राहिला असण्याची शक्यता आहे. तो तेलाने निघतो, म्हणून तेवढ्यासाठी नग नाकारू नये. नख मोडेल इतकी कडक कमानही चांगली नव्हे. पाते पूर्ण उघडल्यावर पात्याचे टोक चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे आणि नंतर वर-खाली हलवावे. बाजूला किंचित हालचाल झाली तर ती सहन करता येते, वर-खाली हालचाल मात्र मुळीच नको.

शेवटची तपासणी बहुतेक जण करत नाहीत. चाकू पाच-सहा वेळा नेहमीच्या वेगाने मिटवावा, पुन्हा उघडावा आणि धार थेट दिव्याखाली धरून डोळ्यांच्या रेषेत पाहावी. चांगली धार प्रकाश परतवत नाही, ती काळी रेघ दिसते. त्या रेघेत एखादा चमकणारा ठिपका दिसला तर मिटताना धार आतल्या कमानीवर आपटत आहे असे समजावे. पात्याच्या बुडाजवळ धार संपते तेथे एक लहान उंचवटा असतो. त्याचे कामच धार कमानीपासून दूर ठेवण्याचे आहे. तो जास्त घासला गेला की असा दोष येतो.

प्रसिद्ध चाकूंच्या नकला सर्वत्र विकल्या जातात. पात्याच्या बुडावरची छाप अस्पष्ट असेल, कात्री किंवा बाटली-उघडणी हलवल्यावर लोळत असेल, मुठीच्या प्लॅस्टिकची कड बोटाला लागत असेल, तर लाल रंगाला आणि क्रॉसच्या चिन्हाला भुलू नये.

कायद्याची बाजू

शस्त्र अधिनियम, 1959 खालील नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. वर सांगितलेल्या मापाचा चाकू या मर्यादेच्या कितीतरी आत राहतो. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 नुसार पोलीस आयुक्तांना विशिष्ट काळासाठी चाकू, काठ्या यांसारख्या वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई करता येते. म्हणून डिसेंबरातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या परिसरात, मोर्चात, मिरवणुकीत, न्यायालयात आणि सभेच्या मैदानात चाकू नेऊ नये. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावा लागतो. मेट्रोच्या दारावरही तपासणीत तो अडवला जाऊ शकतो, तेव्हा त्या दिवशी तो घरीच ठेवलेला बरा.

पहिली धार

कारखान्यातून आलेली धार बहुधा कामचलाऊ असते, म्हणून नव्या चाकूला एकदा घरी दगड दाखवावा. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर चाकू देऊ नये असे मी कळकळीने सांगतो. माझा पहिला साध्या पोलादाचा चाकू मी रस्त्यावरच्या एका धारवाल्याकडे दिला होता. त्याने अर्ध्या मिनिटात ठिणग्या उडवून परत दिला, आणि टोकाजवळचा दीड सेंटिमीटर भाग निळा पडलेला मला घरी आल्यावर दिसला. पोलाद निळे होते ते सुमारे 300 अंश सेल्सिअसला. तेवढ्या उष्णतेने पात्याला दिलेले पाणी उतरते, म्हणजे तो भाग मऊ पडतो. नंतर कितीही धार लावली तरी तेवढ्या भागात ती दोन दिवसांपेक्षा जास्त टिकली नाही.

घरी धार लावण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू जाडी आणि एक बाजू बारीक असलेला कुरुंदाचा दगड पुरतो. दगड पाण्यात दहा मिनिटे भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा. पात्याच्या धारेवर दोन्ही बाजूंनी काळ्या मार्कर पेनाने रेघ ओढावी. पाते दगडावर टेकवून पाठ थोडी उचलावी. पात्याची रुंदी 15 मिलिमीटर असेल तर पाठ सुमारे साडेचार मिलिमीटर उचलली की साधारण सतरा अंशांचा कोन मिळतो, आणि खिशातल्या चाकूला तो उत्तम आहे. मग दगडाचा पातळसा काप काढायचा आहे अशा रीतीने, धार पुढे ठेवून, बुडापासून टोकापर्यंत पाते ओढावे. पाच-सहा वेळा झाल्यावर मार्करची शाई पाहावी. शाई फक्त वरच्या कडेने गेली असेल तर पाठ फार खाली आहे, फक्त अगदी धारेच्या रेषेवरून गेली असेल तर पाठ फार वर आहे, आणि सबंध रुंदीवरून गेली असेल तर कोन बरोबर सापडला आहे.

एका बाजूला पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला काठावर धातूची अतिशय बारीक उलटलेली कड येते. तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच सरकवला की ती नखासारखी अडकते. बुडापासून टोकापर्यंत बर जाणवल्याशिवाय बाजू बदलू नये, कारण ती आली नाही याचा अर्थ घासणे धारेपर्यंत पोचलेच नाही. दुसऱ्या बाजूनेही तसेच करून नंतर बारीक बाजूवर, प्रत्येक वेळी बाजू बदलत आणि दाब कमी करत, दहा-बारा हात मारावेत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून पाते वीसेक वेळा ओढावे म्हणजे उरलेली बर निघून जाते. पिकलेल्या टोमॅटोवर पाते नुसते ठेवून, न दाबता ओढावे. साल आपोआप उघडली तर काम झाले.

तेलाची निवड

सांध्यात शिलाई मशीनचे पातळ तेल एक थेंब टाकावे, पाते दहा-पंधरा वेळा उघडून मिटावे आणि बाहेर आलेला काळा ओघळ पुसून घ्यावा. शेंगदाण्याचे किंवा करडीचे तेल सांध्यात घालू नये, कारण ते काही महिन्यांत चिकट होते आणि कमान जड चालू लागते. पात्याला फळे लागत असल्यामुळे त्यावर मात्र खाण्याचेच तेल हवे, आणि तेथे खोबरेल तेलाचा बोटभर पुसट हात पुरतो. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली गोठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे बाटलीतले तेल जसे पांढरे घट्ट होते तसेच ते सांध्यातही होते. म्हणून ते पात्यापुरतेच ठेवावे.

लाकडी मुठीसाठी आपल्या विदर्भातले जवसाचे तेल सर्वांत चांगले आहे. ते हवेत सुकून लाकडाच्या रंध्रांत घट्ट बसते आणि पावसाळ्यातले फुगणे कमी करते, आणि नेमक्या याच सुकण्याच्या गुणामुळे ते सांध्यात एक थेंबही जाता कामा नये. एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, लाकूड पूर्ण सुकलेले असताना, फडक्याच्या टोकाने पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले तेल कोरडे पुसून घ्यावे, दोन दिवस सावलीत ठेवावे आणि असे तीन वेळा करावे. तेलाचे फडके चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता बाहेर पडते आणि बोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते दोरीवर मोकळे पसरून वाळू द्यावे, किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावे.

पहिल्या महिन्यानंतर खिशातले सुताचे तंतू मुठीच्या खोबणीत साचलेले दिसतील. ते दातकोरणीने काढावेत, सांधा कोमट साबणाच्या पाण्यात उघडझाप करून धुवावा, फडक्याने टिपून पंख्याखाली तासभर उघडा ठेवावा आणि मग पुन्हा तेलाचा तो एक थेंब द्यावा.